थंडरबर्डमधे रोज दुपारी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, राउटर बंद-चालू केला की सुटतं आणि परत येतं

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांची हळदीची पेढी आहे, तिथले पाचही कॉम्प्युटर मीच बघतो. मेल सगळे थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरवर, डोमेन स्वतःचं, होस्टिंग शेअर्ड, म्हणजे भाड्याचा सर्व्हर अनेक गिऱ्हाईकांत मिळून, आणि आमची वेबसाइट आणि मेल त्याच एका सर्व्हरवर. मार्चपासून रोज दुपारी दोनच्या पुढे कुठल्यातरी एका कॉम्प्युटरवर ती खिडकी यायची, ‘कनेक्शन टू सर्व्हर टाइम्ड आउट’, आणि दहा मिनिटांत पाचही कॉम्प्युटरवर तेच. राउटर बंद करून चालू केला की मेल सुरू. तास-दीड तासाने परत बंद. मामा म्हणाले, "अरे राउटरच गेलाय, नवीन आण." आणला, दोन हजार रुपये गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत तीच खिडकी. सहा आठवडे हे चाललं. ऐन हळदीच्या सीझनमधे एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याला भावाचा मेल वेळेत गेला नाही आणि त्याने माल दुसरीकडून उचलला, ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून कारण काय निघालं आणि वाटेत काय काय तपासलं ते सगळं लिहितोय, कुणाचा तरी वेळ वाचेल.

आधी टाइमआउट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण मी तेच घेतलं नव्हतं. थंडरबर्ड सर्व्हरला हाक मारतं आणि समोरून काहीच उत्तर येत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. मग कधी वीसेक सेकंदांत विंडोजच हात टेकतं, किंवा जोडणी झाल्यावर समोरचा गप्प बसला तर थंडरबर्ड स्वतः १०० सेकंद वाट बघून सोडून देतं. पासवर्ड चुकला असेल तर सर्व्हर तसं सांगतो, म्हणजे उत्तर येतं. पोर्ट (सर्व्हरचं त्या कामाचं नंबरवालं दार) बंद असेल तर बहुतेक वेळा ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ असं येतं, ते पण उत्तरच. टाइमआउट म्हणजे उत्तर वाटेत कुठेतरी गायब होतंय किंवा समोरचा मुद्दाम गप्प बसलाय. हे डोक्यात पक्कं असतं तर मी पहिल्या आठवड्यात जे केलं, अकाउंट काढून परत टाकलं, थंडरबर्ड काढून परत इन्स्टॉल केलं, पासवर्ड चार वेळा टाकून बघितला, ते केलंच नसतं. आणि अकाउंट काढायच्या आधी थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरची कॉपी काढून ठेवा हो, विशेषतः पॉप अकाउंट (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) असेल तर, कारण जुने मेल सर्व्हरवर नसतात, त्या कॉम्प्युटरवरच असतात, आणि अकाउंटबरोबर डेटा पण काढायचा पर्याय टिक झाला तर गेले.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. टाइमआउट चालू असतानाच, हं, नंतर नाही, कॉम्प्युटर ऑफिसच्या वायफायवरून काढा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा. थंडरबर्ड बंद करून उघडा. मेल आले तर कॉम्प्युटर, थंडरबर्ड, सेटिंग, पासवर्ड, अँटिव्हायरस सगळे सुटले, दोष ऑफिसच्या जोडणीपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत आहे. हॉटस्पॉटवर पण तेच आलं तर दोष कॉम्प्युटरमधे किंवा खुद्द सर्व्हरवर आहे. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मी शक्यता एका फटक्यात उडते. आमच्याकडे हॉटस्पॉटवर मेल धडाधड आले. मी म्हटलं झालं, ब्रॉडबँडवाल्याचीच चूक, आणि त्याला फोन करून करून बेजार केलं. तो बिचारा दरवेळी माणूस पाठवायचा, माणूस स्पीड टेस्ट करून दाखवायचा, स्पीड उत्तम.

दुसरी खूण मला मामींनी दिली असं म्हणायला हरकत नाही. त्या काउंटरवर बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "आपली वेबसाइट पण उघडत नाहीये रे, बाकी सगळं तर उघडतंय." तिथे माझी ट्यूब पेटली. बातम्यांची साइट उघडते, बँकेची उघडते, जीमेल ब्राउझरमधे उघडतं, फक्त आपलीच वेबसाइट आणि आपलाच मेल बंद. दोन्ही एकाच सर्व्हरवर. आणि तीच वेबसाइट मोबाइल डेटावर उघडते. म्हणजे इंटरनेट बंद नाही आणि सर्व्हर पण बंद नाही, सर्व्हर फक्त आमच्याशी बोलत नाहीये. तुमचं शेअर्ड होस्टिंग असेल तर हे आधी बघा.

खात्रीसाठी विंडोजमधे पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड द्यायची, पुढे तुमच्या मेल सर्व्हरचं नाव, मग डॅश पोर्ट आणि ९९३, हे आयमॅपचं, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीचं पोर्ट. इंग्रजीत टाइप करायचं अर्थातच. शेवटच्या ओळीत ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’ पुढे ट्रू आलं तर दार उघडं आहे, फॉल्स आलं तर दारापर्यंतच पोचत नाही. हेच जीमेलच्या आयमॅप सर्व्हरचं नाव टाकून पण करा, पोर्ट तेच ९९३. आमच्याकडे जीमेलला ट्रू, आमच्या सर्व्हरला फॉल्स. म्हणजे ब्रॉडबँडवाल्याने ९९३ बंद केलेलं नाही हे पण सिद्ध झालं, आणि मी त्याला फोन करून माफी मागितली.

मग होस्टिंगच्या सपोर्टला लिहिलं. पहिल्यांदा "मेल चालत नाही" एवढंच लिहिलं होतं तेव्हा त्यांचं ठरलेलं उत्तर आलं, कॅश क्लिअर करा, पासवर्ड बदला. दुसऱ्यांदा लिहिताना ऑफिसचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा ऑफिसचा पत्ता (गुगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ टाकलं की दिसतो), टाइमआउटची नेमकी वेळ, आणि हॉटस्पॉटवर चालतंय हे तिन्ही दिलं आणि विचारलं की हा आयपी तुमच्या फायरवॉलमधे ब्लॉक झालाय का. वीस मिनिटांत उत्तर, हो, आयमॅपला चुकीच्या पासवर्डने वारंवार लॉगिन झालं म्हणून तासाभरासाठी ब्लॉक झालाय. कुठल्या मेल आयडीसाठी ते पण सांगितलं, विक्रीचा जो आयडी आहे तो.

हे कसं चालतं बघा. बहुतेक होस्टिंगच्या सर्व्हरवर एक पहारेकरी असतो, एकाच आयपीवरून थोड्या वेळात ठराविक वेळा पासवर्ड चुकला की तो समजतो कुणीतरी पासवर्ड फोडायला बसलंय, आणि त्या आयपीकडून येणारं सगळं काही न बोलता फेकून देतो. नाही पण म्हणत नाही, म्हणून आपल्याला रिफ्युज्ड न दिसता टाइम्ड आउट दिसतं. आणि ऑफिसमधल्या पाचही कॉम्प्युटरचा बाहेरचा आयपी एकच, त्यामुळे एकाचा पासवर्ड चुकला की पाचही बाहेर. राउटर बंद-चालू केल्यावर का सुटायचं तेही कळलं, आमचं कनेक्शन दरवेळी नवीन आयपी घेतं, नवीन आयपी ब्लॉक नसतो, म्हणून मेल सुरू, आणि तो पण ब्लॉक होईपर्यंत चालणार. सहा आठवडे आम्ही राउटरला औषध समजत होतो आणि खरं तर फक्त घराचा नंबर बदलत होतो.

पण चुकीचा पासवर्ड टाकतंय कोण? पाचही कॉम्प्युटरवर पासवर्ड बरोबर होता, मीच बदलला होता. मार्चमधे एक जण नोकरी सोडून गेला म्हणून विक्रीच्या आयडीचा पासवर्ड बदलला, सगळीकडे नवीन टाकला. आणि टाइमआउट पण मार्चपासूनच. मी एका वहीत वेळा लिहायला सुरुवात केली. रोज दोनच्या पुढे. ज्या दिवशी यार्डात सौदे (हळदीचे लिलाव) नव्हते त्या दिवशी सकाळपासूनच. एक दिवस अजिबात नाही, त्या दिवशी दिवाणजी गावच्या जत्रेला गेले होते. वही समोर ठेवून मी दिवाणजींना विचारलं, "काका, सौद्याला जाताना ऑफिसचं काय काय नेता?" त्यांनी पिशवीतून पेढीचा जुना मोबाइल काढला. सकाळी सौद्याला घेऊन जातात, लॉटचे फोटो काढतात, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, दुपारी जेवून परत आले की मोबाइल चार्जिंगला आणि आपोआप ऑफिसच्या वायफायवर. त्यात कधीकाळी कुणीतरी विक्रीचा आयडी टाकून ठेवलेला, जुन्या पासवर्डसकट, नोटिफिकेशन बंद, त्यामुळे कुणाला एरर दिसायचाच नाही. बाहेर असताना तो मोबाइल डेटावरून चुकायचा, तेव्हा त्याचा स्वतःचा आयपी ब्लॉक व्हायचा, आम्हाला काही नाही. ऑफिसात आला की आमचा. काकांना फार वाईट वाटलं, त्यांना सांगितलं की यात तुमचं काहीच नाही, चूक माझी, पासवर्ड बदलताना तो कुठे कुठे टाकलाय याची यादी मी केली नव्हती. त्या मोबाइलमधून अकाउंट काढलं, होस्टिंगवाल्यांकडून आयपी मोकळा करून घेतला, आणि त्या दिवसापासून ती खिडकी एकदाही आलेली नाही.

तुमच्याकडे मोबाइलच असेल असं नाही. स्कॅन करून मेल पाठवणारा प्रिंटर, अलार्मचा मेल पाठवणारा सीसीटीव्हीचा डीव्हीआर, टॅलीमधे कधीतरी भरलेली मेलची माहिती, एखाद्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डच्या आधी वापरात असलेलं दुसरं मेल सॉफ्टवेअर, ही सगळी पासवर्ड लक्षात ठेवणारी मंडळी आहेत. अजून एक भानगड, काही ब्रॉडबँडवर तुमचा पब्लिक आयपी तुमच्या एकट्याचा नसतोच, बऱ्याच गिऱ्हाईकांत मिळून एक असतो. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा, तो १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्यातले. तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या चुकीने तुम्ही ब्लॉक होऊ शकता, आणि त्याला उपाय म्हणजे स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा) घेणे आणि होस्टिंगवाल्यांना तो व्हाइटलिस्ट करायला, म्हणजे ब्लॉक न करायच्या यादीत टाकायला सांगणे, खर्च आहे पण रोज धंदा मेलवर असेल तर करा.

आता ज्यांचं कारण हे नाही त्यांच्यासाठी, कारण मी शोधता शोधता मित्रांच्या ऑफिसात पण बरंच बघितलं.

हॉटस्पॉटवर सुद्धा टाइमआउट येत असेल तर पहिला संशय अँटिव्हायरसवर घ्या. त्यातला मेल स्कॅनिंगचा भाग थंडरबर्ड आणि सर्व्हरच्या मधे बसतो, प्रत्येक मेल आधी स्वतः उघडून बघतो, आणि अपडेटनंतर कधीकधी अडकतो. पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका, फक्त मेल स्कॅनिंग तेवढं बंद करून बघा, फाइल स्कॅनिंग चालू असलं की अटॅचमेंट उघडताना तपासली जातेच. व्हीपीएन असेल तर तो बंद करून बघा. थंडरबर्डच्या सेटिंग्जमधे जनरलच्या तळाशी नेटवर्कचा भाग आहे, तिथे जुन्या ऑफिसची प्रॉक्सी (मधला सर्व्हर) राहिली असेल तर ‘नो प्रॉक्सी’ करा. आणि सर्व्हर सेटिंग्जमधे पोर्ट आणि सिक्युरिटीची (जोडणी सुरक्षित करायच्या पद्धतीची) जोडी जुळतेय का बघा: आयमॅप ९९३ ला एसएसएल/टीएलएस, १४३ ला स्टार्टटीएलएस, पाठवायला ४६५ ला एसएसएल/टीएलएस, ५८७ ला स्टार्टटीएलएस. ९९३ किंवा ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं की दोघंही एकमेकांनी आधी बोलायची वाट बघत बसतात आणि शेवटी टाइमआउट. पाठवण्यासाठी २५ पोर्ट टाकलेलं असेल तर ते काढाच, स्पॅममुळे बरेच इंटरनेटवाले ते बंद ठेवतात.

मेल येतात पण पाठवताना अडकतं, त्यातही छोटे मेल जातात आणि अटॅचमेंटवाला मेल थोडा पुढे सरकून थांबतो, ही वेगळी केस आहे आणि फार फसवी आहे. ब्रॉडबँड पीपीपीओई प्रकारचं (राउटरमधे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणारं) असेल तर एका पॅकेटमधे, म्हणजे डेटाच्या एका तुकड्यात, १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. वाटेतलं कुणीतरी "पॅकेट मोठं आहे, लहान कर" असा निरोप परत पाठवत असतं, तो निरोप कुठल्यातरी फायरवॉलने अडवला की कॉम्प्युटर मोठी पॅकेटं पाठवतच राहतो आणि ती पोचतच नाहीत. लहान मेल लहान पॅकेटात मावतात म्हणून जातात. तपासायला कमांड प्रॉम्प्टमधे पिंग, मग डॅश एफ, डॅश एल १४७२, आणि पुढे ८.८.८.८ (गुगलचा सर्व्हर) टाका. फ्रॅगमेंट करावं (तुकडे पाडावे) लागेल अशी ओळ आली, किंवा नुसतंच टाइमआउट आलं, तर १४६४ टाकून बघा. या आकड्यात २८ मिळवले की खरा आकडा, म्हणजे १४६४ चालला तर १४९२. राउटरच्या वॅन सेटिंगमधे एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) तेवढा करा. विश्रामबागेत एका मित्राच्या ऑफिसात असंच होतं, तो दर अटॅचमेंटसाठी पेन ड्राइव्ह घेऊन घरी जायचा.

पाठवण्याचीच अजून एक गोष्ट, ही सगळ्यांनी बघून ठेवा. थंडरबर्ड आधी मेल पाठवतं आणि मग त्याची एक कॉपी आयमॅपने सेंट फोल्डरमधे ठेवायला परत सर्व्हरवर चढवतं, ही दोन वेगळी कामं आहेत. टाइमआउट दुसऱ्या कामात आला तर मेल गेलेला असतो, फक्त कॉपी राहिलेली असते. खिडकीत कॉपी किंवा सेंट फोल्डरचा उल्लेख असेल तर घाईने परत सेंड दाबू नका, समोरच्याला एकच बिल दोनदा जातं आणि मग फोनाफोनी. जीमेल वापरत असाल तर ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मधली कॉपी ठेवायची टिक काढून टाका, जीमेल सेंटमधे स्वतःच ठेवतं.

एकच आयडी बऱ्याच कॉम्प्युटरवर असेल तर जोडण्या मोजा. थंडरबर्ड एका अकाउंटसाठी ५ पर्यंत जोडण्या उघडून ठेवतं. तीन कॉम्प्युटर म्हणजे १५. जीमेलची मर्यादा एका अकाउंटला एका वेळी १५, आणि शेअर्ड होस्टिंगवर सर्रास असणाऱ्या डव्हकॉट या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची डिफॉल्ट मर्यादा एका युजरला एका आयपीवरून १० च. मग मोबाइल धरलेच नाहीत अजून. अकाउंटच्या सर्व्हर सेटिंग्जमधे अ‍ॅडव्हान्स्डवर क्लिक करून कॅश करायच्या जोडण्यांचा आकडा ५ चा २ करा, सगळ्या कॉम्प्युटरवर. फरक लगेच कळतो.

सकाळी पहिल्यांदा लॅपटॉप उघडल्यावर, किंवा जेवून आल्यावर पहिल्याच क्लिकला अडकत असेल आणि नंतर दिवसभर नीट चालत असेल, तर राउटर ती जुनी जोडणी विसरलेला असतो आणि थंडरबर्डला वाटतं ती अजून जिवंत आहे. नवीन मेल आल्याबरोबर सर्व्हरने कळवावं म्हणून थंडरबर्ड एक जोडणी नुसती उघडी ठेवून बसतं, नियमाप्रमाणे ती २९ मिनिटांच्या आत ताजी केली तरी चालते, पण बरेच राउटर त्याच्या आधीच तिला काढून टाकतात. सर्व्हर सेटिंग्जमधली ती ‘इमिजिएट सर्व्हर नोटिफिकेशन्स’ची टिक काढा आणि दर ५ मिनिटांनी मेल तपासायला सांगा.

शेवटी ते १०० सेकंद. बरेच जण पहिला सल्ला हाच देतात की कॉन्फिग एडिटरमधे जाऊन टीसीपी टाइमआउट वाढवा. जिथे उत्तर येणारच नाही तिथे १०० चे ५०० केले तर फक्त एरर उशिरा दिसेल, आमच्याकडे मी ते पण करून बघितलं होतं आणि काही फायदा झाला नाही. पण एका ठिकाणी ते बरोबर आहे. मोठी अटॅचमेंट पूर्ण चढली, पट्टी शेवटपर्यंत गेली, आणि तिथे थांबून टाइमआउट आला, तर सर्व्हर तो मेल व्हायरससाठी तपासत असतो आणि उत्तर द्यायला वेळ घेतो. एसएमटीपीच्या (मेल पाठवायच्या पद्धतीच्या) नियमात या शेवटच्या टप्प्याला १० मिनिटं थांबावं असं सांगितलंय आणि थंडरबर्ड १०० सेकंदच थांबतं. तेवढ्यासाठी ३०० करा. २० एमबीची फाइल मेलमधे जाताना सुमारे २७ एमबी होते हे पण लक्षात असू द्या, अपलोड १ एमबीपीएस असेल तर नुसती चढायलाच साडेतीन मिनिटांच्या वर लागतात, त्यामुळे पट्टी हळूहळू पुढे जात असेल तर मधेच कॅन्सल करू नका, जाऊ द्या तिला.